काकू, खाली राह्यलं त काय बिघडते?

‘करणी’ हा शब्द आपल्याकडे कसा वापरतात, हे काही मी सांगायला नको. गाय आटली, लेकरू रात्रभर रडलं, चांगल्या चाललेल्या दुकानाला अचानक गिऱ्हाईक येईनासं झालं, की कुणीतरी हळूच म्हणतंच, ‘‘कोनं तरी करणी केली असंल.’’ गवंड्याच्या हातातलं ते माल थापायचं हत्यार, तीही करणीच. आणि तिसरी करणी भेटते नववीच्या गणितात! पहिल्या दिवशी हा शब्द उच्चारला की मुली तोंडावर ओढणी धरून खुसूखुसू हसतात. चार-सहा दिवस गेले की हसू थांबतं आणि खरोखरच कुणीतरी करणी केल्यासारखे चेहरे होतात.

माझ्याकडे संध्याकाळी आजूबाजूच्या सात-आठ मुली गणिताला बसतात. क्लास वगैरे म्हणण्यासारखं काही नाही, ओसरीवर सतरंजी आणि एक फळा. दरवर्षी हे प्रकरण आलं की एकीच्या तरी तोंडून तो प्रश्न येतोच. यंदा जिनं विचारला ती एरवी फारशी बोलतही नाही. म्हणाली, ‘‘काकू, हे वर्गमूळ खाली राह्यलं त काय बिघडते? शाळेत म्हंतात खाली ठिवाचं नाही. काऊन नाही ठिवाचं, ते कोनीच नाही सांगत.’’

मैत्रिणींनो, किती रास्त प्रश्न आहे हा! तुमच्यापैकी ज्यांनी नववी-दहावी केली, त्यांना आठवत असेल, ‘छेदाचे परिमेयीकरण करा’ असा एक प्रश्न हमखास असायचा. आपण करायचो. वरखाली गुणायचं, चिन्ह बदलायचं, उत्तर लिहायचं, मार्क घ्यायचे. पण कशासाठी? ते ना आपण विचारलं, ना कुणी सांगितलं. सासरी गेल्यावर ‘आमच्याकडे असंच करतात’ हे जसं ऐकून घेतलं, तसंच हेही ऐकून घेतलं.

आधी करणी म्हणजे काय ते पाहू. ४ चं वर्गमूळ २, ९ चं ३. हे सरळ सुटतात. पण २ चं वर्गमूळ? १.४१४२१३५... आकडे संपतही नाहीत आणि त्याच क्रमानं पुन्हापुन्हा येतही नाहीत. अशा संख्येला अपरिमेय म्हणतात. ती पूर्ण लिहिताच येत नाही, म्हणून आपण नुसतं √२ लिहून मोकळं होतो. २०१७ साली बालभारतीचं नववीचं जे गणित भाग १ आलं, त्यात ‘वास्तव संख्या’ या दुसऱ्याच प्रकरणात या करणी आहेत. म्हणजे शाळा सुरू होऊन पावसाळाही नीट लागलेला नसतो, तोच मुलगी या दारात येऊन उभी राहते. इथे घाबरली की पुढचं वर्षभर गणिताचं पुस्तक दप्तरात खाली जातं.

हा शब्द आला कुठून? फार जुना आहे. यज्ञाची वेदी मांडायची तर जमिनीवर दोरीनं चौरस आखावा लागे. त्या मापांचे नियम शुल्बसूत्रांत आहेत. शुल्ब म्हणजे दोरी. एका चौरसाच्या दुप्पट क्षेत्रफळाचा चौरस हवा असेल तर पहिल्याचा कर्ण घ्यायचा, म्हणजे या कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत दोरी ताणायची आणि तीच नव्या चौरसाची बाजू करायची. या दोरीचं नाव ‘द्विकरणी’. करणी म्हणजे चौरस करणारी! मुलींना हे सांगितलं की त्यांची अर्धी भीती जाते, कारण दोरी ताणून रांगोळीचा चौकोन त्यांनी कधीतरी आखलेला असतो.

आता मूळ प्रश्न. खाली राहिलं तर काय बिघडतं?

खरं सांगू? काहीच बिघडत नाही. १/√२ आणि √२/२ या दोन्हींची किंमत अगदी एकच आहे. खाली वर्गमूळ ठेवणं हा काही गुन्हा नाही. पण हिशेब करायला बसलात की फरक कळतो. कॅल्क्युलेटर बाजूला ठेवा आणि १ ला १.४१४ नं भागून पाहा. तीन दशांश स्थळांपर्यंत पोहोचेतो पानाची कडा भरते. आता वरखाली √२ नं गुणा. वर झाले √२, खाली √२ गुणिले √२, म्हणजे सरळ २. आता १.४१४ ला २ नं भागायचं. ०.७०७. तोंडी होतं! जुन्या काळी सगळं हातानंच करायचं होतं. भागायचं तर साध्या आकड्यानं भागावं, वाकडा आकडा वर चढवावा, एवढंच यातलं शहाणपण.

वरखाली एकाच संख्येनं गुणलं की किंमत बदलत नाही, हे मात्र पक्कं हवं. अर्धी भाकरी म्हणजे चारातले दोन तुकडे, तेच आठातले चार. तुकडे वाढले, भाकर तेवढीच.

आता घरातलंच एक उदाहरण. गोल टेबल आहे, एका कडेपासून समोरच्या कडेपर्यंत १०० सेंटिमीटर. त्यावर चौरस रुमाल विणायचाय, चारही कोपरे बरोबर कडेला टेकतील एवढा. बाजू किती घ्यावी? कर्ण १००, म्हणून बाजू १००/√२. वरखाली √२ नं गुणलं की ५०√२, म्हणजे साधारण ७०.७ सेंटिमीटर. १००/√२ वर डोळे लावून बसलात तर काही कळत नाही. ५०√२ दिसलं की ‘पन्नासची दीडपट, त्याहून थोडं कमी’ असा अंदाज लगेच येतो.

हे मी सांगत होते तेव्हा एका मुलीची आई उंबऱ्याशी बसली होती. लेकीला न्यायला आलेली. घरी ब्लाउज शिवते. उरेब पट्टी काढायची तर कापड तिरपं कसं धरायचं आणि किती पुरेल, हे तिच्या बोटांना पाठ. ती मधेच म्हणाली, ‘‘म्हंजे खालचं ओझं वर ठिवलं, मोल तेच राह्यलं. असंच न?’’ मी खडू हातात धरून उभीच राहिले. असंच! याहून सोपं मला आजवर सांगता आलं नव्हतं. नंतर कळलं, नववीत गणितात गेली म्हणून तिची शाळा सुटली. पुढच्या वर्षी लग्न. आता तिची लेक नेमकी त्याच वर्गात आहे, आणि घरात पुन्हा तेच बोलणं सुरू आहे... ‘हिले गणित नाही जमत त कायले शिकवाचं?’

म्हणूनच हे वरवर किरकोळ वाटणारं प्रकरण मला किरकोळ वाटत नाही. मध्यंतरी काही वर्षं दहावीला सामान्य गणिताचा सोपा पर्याय होता, तोही बंद झाला. आता सगळ्यांना हेच गणित. दहावीला ते कसंबसं काढलं आणि अकरावीला सोडलं की इंजिनिअरिंगसारखी कितीतरी दारं तिथेच बंद होतात. मुलाला नाही जमलं तर ‘शिकवणी लावू’, मुलीला नाही जमलं तर ‘जाऊ दे’. हे घरोघरी चालतं, कोण नाही म्हणेल?

असो. जरा अवघड पायरी घेऊ. छेदात एकच करणी असली तर तिच्याच बरोबर गुणलं की झालं. पण दोन असल्या तर? समजा १/(√३−√२) आहे. पुष्कळ मुली इथे पुन्हा √३−√२ नंच गुणतात. करून पाहा, खाली येतं ५−२√६. एक करणी काढायला गेलो, दुसरी येऊन बसली! मग युक्ती काय? आठवीत घोकलेलं सूत्र: (अ+ब)(अ−ब) = अ²−ब². मधलं चिन्ह बदलून गुणायचं, म्हणजे दोन्हींचे वर्ग होतात आणि मधली भानगड आपोआप कटते. √३−√२ ला √३+√२ नं गुणलं की ३−२, म्हणजे १. छेद संपलाच! उत्तर √३+√२. पुस्तकात या दोघींना अनुबद्ध जोडी म्हणतात. चिन्ह तेवढं वेगळं, बाकी सगळं सारखं, आणि एकत्र आल्या की एकमेकींची मुळं काढून टाकतात. नणंद-भावजय म्हणा हवं तर.

याच उदाहरणात परिमेयीकरणाचं दुसरं कारण दडलंय, आणि ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. घाईत √३ ला १.७ आणि √२ ला १.४ धरा. मूळ रूपात भागलं तर १ भागिले ०.३, म्हणजे ३.३३. सुधारलेल्या रूपात १.७ अधिक १.४, म्हणजे ३.१. खरं उत्तर आहे ३.१४६. आकडे तेच, तरी एका वाटेनं पाव्हणा गावाबाहेर उतरला, दुसरीनं जवळजवळ दारात. असं का? छेदात दोन जवळजवळच्या संख्यांची वजाबाकी होती, उरलं थोडंसं, आणि त्या थोड्याशात आपली गोळाबेरीज मिसळली. छेद जितका लहान, तितकी त्यातली चूक महाग पडते. हे एकदा हातानं करून पाहिलेली मुलगी ‘काऊन’ विचारत नाही, ती दुसरीला सांगते.

अक्षरं आली म्हणून नियम बदलत नाही. (क्ष−४)/(√क्ष−२) हे घ्या. वरखाली √क्ष+२ नं गुणा. छेदात क्ष−४ येतं, वर (क्ष−४)(√क्ष+२). क्ष−४ वरखाली कटलं, उरलं √क्ष+२. एवढं मोठं धूड आणि उत्तर एवढंसं! फक्त क्ष म्हणजे ४ चालणार नाही, कारण मग मूळ छेदच शून्य होतो. आणि पडताळा घ्यायची सवय लावा. क्ष च्या जागी ९ ठेवा. मूळ रूपात ५ भागिले १, म्हणजे ५. उत्तरात ३+२, म्हणजे ५. जुळलं! बाईंना विचारायला नको, गाइड उघडायला नको. आपलं उत्तर बरोबर आहे हे आपलं आपल्याला कळणं, याची चव मुलींना लागली पाहिजे.

एक सावधगिरी. √९+√१६ म्हणजे √२५ नव्हे. पहिलं ३+४, म्हणजे ७, दुसरं ५. वर्गमुळांची बेरीज अशी आतल्या आत होत नाही.

हे सगळं परक्या देशातून आलं असं वाटत असेल तर थांबा. इसवी सन ६२८ मधल्या ब्रह्मगुप्तांच्या ग्रंथात करणींच्या भागाकाराचा हा नियम आहे. आणि ११५० साली भास्कराचार्यांनी ‘सिद्धांतशिरोमणी’ लिहिला, त्यातल्या ‘बीजगणित’ या भागात करणींची बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार, वर्ग, वर्गमूळ अशी सगळी मांडणी आहे. भागाकाराची त्यांची रीत काय? छेदातल्या कुठल्याही एका करणीचं चिन्ह बदला, त्या नव्या रूपानं भाज्य आणि भाजक दोन्हींना गुणा, आणि छेदात एकच करणी उरेपर्यंत पुन्हा पुन्हा हेच करा. म्हणजे आपल्या मुली वहीत करतात ते शब्दश: तेच! ‘पुन्हा पुन्हा’ कशाला, तर छेदात तीन करणी असू शकतात म्हणून. १/(√२+√३+√५) मध्ये √५ चं चिन्ह बदलून गुणलं की खाली २√६ उरतं, मग √६ नं गुणून तेही जातं. नववीला एवढं येत नाही, पण रीत तीच.

त्यांच्याकडे √ हे चिन्ह नव्हतं. करणीसाठी ‘क’ लिहायचे, तीनची करणी म्हणजे ‘क ३’. अज्ञात संख्या एक असली तर ‘या’, आणि जास्त असल्या तर रंगांची नावं: कालक, नीलक, पीतक, लोहितक. काळा, निळा, पिवळा, लाल! आपल्या क्ष आणि य पेक्षा मला तर हे रंगच जास्त आवडले.

भास्कराचार्य म्हटले की लीलावतीची गोष्ट आलीच. घटिकापात्रात मोती पडला, मुहूर्त टळला, लेकीचं लग्न राहिलं, मग बापानं तिच्या नावानं ग्रंथ लिहिला. गोष्ट सुरेख आहे, पण ती भास्कराचार्यांच्या ग्रंथात नाही. अकबराच्या दरबारातल्या फैजीनं १५८७ साली ‘लीलावती’चं फारसीत भाषांतर केलं, त्यात ती येते. म्हणजे चारशेहून जास्त वर्षांनंतर! ग्रंथात आहे ते एवढंच, की एका मुलीला प्रेमानं हाक मारून, कौतुक करत तिला गणितं घातली आहेत. मला स्वत:ला ती मोत्याची गोष्ट रुचत नाही. मुलीला गणित शिकवायला आधी तिचं लग्न मोडावं लागतं, असा तिचा सूर आहे. हुशार मुलीला गणित घालावंसं वाटलं आणि घातलं, एवढं कारण पुरेसं नाही का?

भास्कराचार्यांशी आपल्या मराठी मुलखाचं नातं दगडावर कोरलेलं आहे. चाळीसगाव तालुक्यातल्या पाटण गावी, पाटणादेवीच्या परिसरात, १२०७ सालचा शिलालेख आहे. त्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथे मठ काढला होता. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात हा लेख उजेडात आणला.

आणि वाशीम? वाशीमचं जुनं नाव वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. भास्कराचार्यांच्या ‘करणकुतूहल’ या ११८३ सालच्या ग्रंथात पृथ्वीच्या मध्यरेषेवरच्या गावांची नावं दिली आहेत. लंकेपासून मेरूपर्यंत जाणारी ही कल्पित रेषा. तिच्यावर उज्जयिनी आहे, कुरुक्षेत्र आहे आणि आपलं वत्सगुल्मही आहे. गावात मध्यमेश्वराचं देऊळ आहे, त्याचं नावही या मध्यरेषेवरूनच पडल्याचं सांगतात. आजच्या नकाशावर वाशीम उज्जैनच्या सव्वा अंशानं पूर्वेला येतं हे खरं, पण आठशे वर्षांपूर्वी हातानं मोजणाऱ्यांसाठी हे काही वाईट नाही. हे मुलींना सांगितलं तेव्हा एकजण म्हणाली, ‘‘मंग त आपून मध्यातच बसेल हाओत!’’ त्या दिवशी दहा मिनिटं कुणी पुस्तक उघडलं नाही. मीही उघडा म्हटलं नाही.

जाता जाता एक. हीच युक्ती अकरावीला उलटी येते, तिथे कधी कधी अंशातलं वर्गमूळ घालवावं लागतं, छेदातलं आलं तरी चालतं! तेव्हा ‘खाली कधीच ठेवायचं नाही’ हा काही ब्रह्मदेवाचा नियम नव्हे. पुढच्या हिशेबाला जे सोयीचं तसं करायचं. पण नववी-दहावीच्या पेपरात उत्तर छेद सुधारूनच लिहा बाई, मार्क जातात उगाच.

शिवणारी ती आई आता रोज पंधरा मिनिटं आधी येते. लेकीची जुनी वही मागून घेतली आहे तिनं. परवा फळ्यावर मी हे गणित घातलं होतं:

१/(१+√२) + १/(√२+√३) + १/(√३+√४)

तुम्हीही करून पाहा. प्रत्येकाचा छेद वेगवेगळा सुधारा, चिन्ह बदलताना मोठी संख्या आधी घ्या. पहिल्याचं येतं √२−१, दुसऱ्याचं √३−√२, तिसऱ्याचं २−√३. आता बेरीज करा. √२ कटलं, √३ कटलं, उरलं १. एवढ्या सगळ्या मुळांमधून नुसता १! मुली म्हणाल्या, काकू पुढे वाढवा. √९ पर्यंत नेलं, उत्तर आलं २. तेवढ्यात उंबऱ्यावरून आवाज आला, ‘‘शंभरापर्यंत नेलं त नऊ यील.’’ मुलींनी वळून पाहिलं. लेकीनं वहीत मांडून पाहिलं. नऊच आले.